गॅलक्सी गॅलक्सीला "गिळतेय" म्हणे

व्हर्लपूल गॅलक्सीचा, म्हणजे एम ५१ चा, हबल या अवकाश दुर्बिणीने काढलेला तो फोटो परत फिरायला लागलाय, आणि खाली मजकूर काय तर मोठी गॅलक्सी शेजारच्या छोटीला आत्ता या क्षणी गिळतेय, अब्जावधी तारे एकमेकांवर आपटून फुटतायत आणि पुढचा नंबर आपला. फोटो खरा आहे, मजकूर बराचसा थापा.

"आत्ता" तर सोडूनच द्या, ती जोडी अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे फोटोतला प्रकाश तेवढीच वर्षं आधी निघालेला.

तारे आपटतायत म्हणे. अरे पण ताऱ्यांमध्ये अंतर किती असतं? सूर्य एक सेंटीमीटरची गोटी धरला तर सगळ्यात जवळचा तारा पावणेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे येतो. त्यामुळे दोन गॅलक्सी एकमेकींतून आरपार गेल्या तरी ताऱ्यांची टक्कर जवळपास होतच नाही. आपटतात ते वायूचे ढग, ते दाबले जातात आणि त्यातून नवे तारे जन्मतात, फोटोतले गुलाबी ठिपके तेच, नव्या ताऱ्यांनी उजळलेला हायड्रोजन. १९९४, २००५ आणि २०११ ला तिथे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट, दिसले हे खरंय, पण ते जड तारे इंधन संपून कोसळल्याने, टकरीने नाही.

आता "गिळतेय". छोटी गॅलक्सी, एनजीसी ५१९५, मोठीच्या गोल वळलेल्या भुजेच्या टोकाला चिकटल्यासारखी दिसते खरी, पण ती आहे मागे, नीट बघा, भुजेतल्या धुळीचे काळे पट्टे तिच्यासमोरून आडवे गेलेत. ओढाताण दोन्हीकडून चाललीये, जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी, चंद्रामुळे भरती येते तेच गणित, त्यानेच आकार ताणले जातात. आलार आणि यूरी तूमरे या शास्त्रज्ञ भावांनी १९७२ मध्ये कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने गॅलक्सींमध्ये ताऱ्यांचे असे पूल आणि शेपट्या तयार होतात, आणि त्यांच्या मॉडेल्समध्ये एम ५१ पण होती. पुढे कधीतरी दोघी एक होतीलही, पण एका घासात गिळणं वगैरे काही नसतं.

राहिला आपला नंबर. आपली मोठी शेजारीण गॅलक्सी अँड्रोमेडा २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि २०२५ च्या एका अभ्यासानुसार पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती आपल्या गॅलक्सीत मिसळण्याची शक्यता साधारण निम्मी-निम्मीच आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी, साधारण १०० कोटी वर्षांत, आपला सूर्यच एवढा तापेल की समुद्र आटतील, त्याला कुठल्याच शेजारणीची गरज नाही.