शेवाळ, स्वयंपाकघरातला आरओ आणि माझी एक चूक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नाही, कारण ती निम्मी बरोबर आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ठाण्याच्या या वाचकांनी माझा लेख वाचून दीडशे लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांसाठीचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावला. तीन महिन्यांत आधी सगळीकडे तपकिरी थर आला, मग दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ. ‘सुरुवातीला टँक घाण दिसणारच, धीर धरा’ असं मी लिहिलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, हा सल्ला नाही, पळवाट आहे. पाणी आरओचं, शेवाळाचं खाणं म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, तेही टेस्टमध्ये शून्य, तरी शेवाळ हटत नाही. मित्राने तीन दिवस दिवे बंद ठेवले आणि काम झालं. आणि परदेशी व्हिडिओंमधले टँक म्हणे सहा आठवड्यांत चकाचक असतात.

आधी माझी चूक. ‘आरओचं पाणी वापरा’ असं मी मोघम लिहून मोकळा झालो. तुम्ही ओट्यावरच्या प्युरिफायरचं पाणी घेतलंत, कोणीही तेच घेईल. पण पाण्याला चव राहावी म्हणून त्यातल्या बऱ्याच यंत्रांत गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते. आमच्या घरच्या प्युरिफायरखाली टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) धरला तर आकडा सत्तरच्या पुढे जातो. प्यायला उत्तम, टँकला नाही. रोज वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, आणि भर घालताना तुम्ही जे काही सोबत ओतता ते टँकमध्येच साठत जातं. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षारही शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, डबा हवा आणि मीटरवर ० यायला हवं. त्यातही एक मेख आहे. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि तेव्हाही मीटर ० च दाखवत असतो. डायटम, म्हणजे तो तपकिरी थर, याच सिलिकेवर आपली कवचं बांधतात. एकदा गेलेला थर परत आला तर मीटरवर विसंबू नका, रेझिन बदला.

तुमच्या शून्यावर मात्र मी भांडणार आहे. पंगत उठल्यावर रिकामं पातेलं बघून ‘आज स्वयंपाकच झाला नाही’ म्हणावं, तसं ते शून्य आहे. फॉस्फेट आहे, पण शेवाळ ते जागच्या जागी खातंय, टेस्ट किटपर्यंत काही उरत नाही. शिवाय कोरडे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि महिनोन्महिने हळूहळू सोडत राहतात.

आता तुम्ही फॉस्फेट काढणारं जीएफओ दुप्पट करणार आहात. कृपा करून करू नका. मी केलं होतं. माझ्या पहिल्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरोखरच शून्यावर आणून दाखवले आणि फार खूश झालो. दोनेक आठवड्यांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा आल्या, टोकाला हवेचे बुडबुडे. गोगलगायी उलट्या पडून मरायला लागल्या. ते डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) नावाचे एकपेशीय जीव होते. बाकी सगळ्यांची उपासमार झाली की रिकाम्या जागेत हेच घुसतात. निस्तरायला चार महिने गेले, आणि उपाय काय, तर उलट नायट्रेट-फॉस्फेट घालणं! तेव्हापासून मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवतो आणि थोडं शेवाळ चालवून घेतो.

तुमच्याकडे तसल्या तारा असतील तर ओळख घरीच पटते. थोडा चिकटा बाटलीत टँकच्याच पाण्यासकट घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तंतू जमले तर डायनो समजा. हात मात्र नीट धुवा, यातले काही विषारी असतात.

वर्णनावरून तुमचं साधं केसाळ शेवाळच वाटतं. त्यासाठी बादलीत टँकचं पाणी घ्यायचं, दगड त्यात काढायचा, हाताने झुबके उपटायचे, बाकीचं जुन्या टूथब्रशने घासायचं, दगड विसळून परत ठेवायचा आणि बादली मोरीत ओतायची. शेवाळाने खाल्लेलं फॉस्फेट त्या बादलीतून कायमचं घराबाहेर जातं. हे दर आठवड्याला, पाणी बदलतानाच. ‘धीर धरा’ म्हणजे हात बांधून बसा असा अर्थ निघत असेल तर तोही दोष माझ्याच लिहिण्याचा. झुबके आखूड झाल्यावर दोन-तीन टर्बो गोगलगायी सोडा, लांब केसांना त्या तोंड लावत नाहीत. दुकानदाराने ‘शेवाळ खातात’ म्हणून गळ्यात मारलेल्या नॅसेरियस वाळूतलं उष्टं-खरकटं खातात, शेवाळ नाही. दिवे बारा तास ठेवता म्हणालात, ते सात-आठवर आणा.

मित्राचा तीन दिवसांचा अंधार? डायटम किंवा लाल चिकटा (सायनोबॅक्टेरियाचा थर) असेल तर फरक दिसतो. केसाळ शेवाळाची बुडं दगडात शाबूत राहतात, आणि जे मरतं ते कुजून सगळं खाणं पाण्यात परत देतं. महिन्याभराने त्यांना पुन्हा विचारा.

आणि ते सहा आठवडे. त्यातले बरेच टँक समुद्रातून आणलेल्या जिवंत दगडांवर उभे असतात, त्यावर बॅक्टेरियांची वस्ती आधीच असते. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. म्हणून आपण कोऱ्या दगडावर सुरुवात करतो, आणि त्यावर पहिला हक्क शेवाळच सांगतं. माझ्या आत्ताच्या टँकला तपकिरी-हिरव्यातून बाहेर पडायला आठ महिने लागले.

मूळ लेखातली आरओची ओळ आज बदलली आहे. दगडांचा एक फोटो टाका, पांढऱ्या प्रकाशात काढलेला. टँकच्या निळ्या दिव्यात मला काही कळत नाही.