ली मॅथ्यूज: खांब मोडणारा आणि जबडा मोडणारा

मेलबर्नमध्ये ‘फुटी’चा (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा) विषय निघाला आणि जुनी मंडळी जमलेली असली, की ली मॅथ्यूज आणि खांबाचा किस्सा निघणारच. १९८२ साली एसेंडन क्लबच्या विंडी हिल मैदानावर हा गडी धावता धावता कडेच्या खांबावर आदळला आणि खांबच मोडला! (दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथाडलेला चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक.)

किस्सा झकास आहे, पण मला त्याचा कंटाळा आलाय. ‘लीथल ली’ (हे त्याचं टोपणनाव) म्हणजे रांगडा रेडा, एवढंच त्यातून लोकांच्या डोक्यात राहतं. अहो, हॉथॉर्न क्लबकडून १९६९ ते १९८५ या काळात ३३२ सामने आणि ९१५ गोल! तेही गोलसमोर ठाण मांडून बसणारा फुल फॉरवर्ड नसताना. उंच रकमन चेंडू खाली टोलवतात, त्यांच्या पायाशी झोंबाझोंबी होते आणि त्या गर्दीतून चेंडू काढतो तो रोव्हर. मॅथ्यूज मुळात हे काम करणारा, उंची जेमतेम १७८ सेंटिमीटर. आठ वेळा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू, चार अजिंक्यपदं, त्यातलं १९८३चं कर्णधार म्हणून. नुसत्या दांडगाईवर हे जमत नाही. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं.

आणि मग जून १९८५. प्रिन्सेस पार्क, समोर जिलाँग. चेंडू भलतीकडेच, आणि मॅथ्यूजने नेव्हिल ब्रन्सला असा तडाखा दिला की त्याचा जबडा मोडला. पंचांना काही दिसलंच नाही. पण प्रकरण दबलं नाही. लीगने चार आठवडे त्याची नोंदणीच रद्द केली, पोलिसांनी मारहाणीचा गुन्हा लावला, कोर्टाने १००० डॉलर दंड केला. दोषसिद्धी पुढे अपिलात रद्द झाली.

‘तेव्हा खेळच तसा होता हो,’ असं हॉथॉर्नवाले म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. त्या काळात मैदानावर काय काय खपून जायचं! तरीही याच वेळी पोलीस आले. म्हणजे त्या काळाच्या मापानेही हे अतीच झालं होतं. त्याच वर्षी एमसीजीवर (हो, आपल्या क्रिकेटवालं) ग्रँड फायनलमध्ये एसेंडनने हॉथॉर्नला ७८ गुणांनी धुतलं आणि मॅथ्यूज निवृत्त झाला.

प्रशिक्षक म्हणूनही त्याने मैदान मारलं. १९९०मध्ये कॉलिंगवुडचा ३२ वर्षांचा दुष्काळ संपवला, नंतर ब्रिस्बेनला २००१, २००२, २००३ अशी सलग तीन अजिंक्यपदं मिळवून दिली.

हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला लीग देते ते ब्राउनलो पदक मात्र त्याला कधीच मिळालं नाही. ते पंचांच्या मतांवर ठरतं, आणि त्यात सभ्य खेळालाही मोल असतं. १९८२मध्ये खेळाडूंच्या संघटनेने स्वतःचा पुरस्कार सुरू केला. त्यात खेळाडूच मतं देतात. पहिला मान मॅथ्यूजला! ज्यांनी त्याचे धक्के खाल्ले, बरगड्या चोळत घरी गेले, त्यांचीच ही मतं. आज तो पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. माझ्या मते नाव योग्यच आहे, पण मी ब्रन्सच्या जागी असतो तर माझं मत त्याला मिळालं नसतं. तुम्ही दिलं असतं का?