मुका खांब आणि बोलकं घर

क्रोशाच्या विणकामात एका साध्या, बुटक्या टाक्याला ‘मुका खांब’ म्हणतात. हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्यांचं घर भरलेलं असणार. घरातली निदान एक गोष्ट तोंड न उघडता आपल्या हातात आहे, हा केवढा आधार! बाकी सगळं बोलतं. कुकर बोलतो. वॉशिंग मशीन धुणं झालं की गाणं म्हणतं, आणि आपण उठलो नाही तर पुन्हा म्हणतं. माणसं तर बोलतातच. तीही नेमकी मी चाळिशीत शिरल्यावर. वयाच्या नव्हे, टाक्यांच्या.

“पंचेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस...”

“अरे, नळवाला किती वाजता येतो म्हणाला?”

“साडेअकरा.”

“बरं.”

“...बारा, तेरा, चौदा...”

अठ्ठेचाळीसच्या जागी बारा. म्हणजे छत्तीस टाक्यांचा घोळ. ३६ मधले तीन आणि सहा जसे एकमेकांकडे पाठ करून बसतात, तसे त्यानंतर अर्धा तास आम्ही नवरा-बायको बसलो होतो. नळवाला अर्थात आलाच नाही.

मी क्रोशाची सुई हातात धरली ती मोबाइल हातातून सुटावा म्हणून. तो सुटला नाही. आता मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ बघतो, एवढाच फरक. दोन टोप्या झाल्या, एक मफलर झाला आणि अंगात आलं. त्या भरात भावाचा फोन आला की त्यांच्याकडे बाळ येणार आहे, आणि मी बोलून गेलो, “पांघरूण माझ्याकडून!” ते बाळ आता सोफ्यावर चढतं, सोफ्यावरून उतरतं आणि मला ‘काका’ म्हणतं. पांघरूण मात्र परवाच्या रविवारपर्यंत एक्केचाळिसाव्या फेरीत होतं. आज ते कितव्या फेरीत आहे, हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

आईचा या पांघरुणाला सुरुवातीपासून विरोध. ती दोन सुयांवर विणते. उलट-सुलट टाके न बघता घालते आणि त्याच वेळी समोरच्याला उलट-सुलट प्रश्नही विचारते. माझ्या एका सुईकडे ती ‘शिकतोय बिचारा’ अशा नजरेने पाहते. गोल पांघरूण विणतोय हे कळल्यावर म्हणाली, “गोल कशाला? माणूस गोल झोपतो का?”

पण गोलाचं गणित मोठं देखणं आहे. सहा मुक्या खांबांनी सुरुवात करायची आणि दर फेरीला सहा टाके वाढवायचे. ६, १२, १८, २४ असं करत साठाव्या फेरीत बरोबर ३६०. म्हणजे वर्तुळाच्या प्रत्येक अंशाला एक टाका! हे लक्षात आलं त्या रात्री मी घरातल्या प्रत्येकाला उठवून सांगितलं. मुलगी आठवीत आहे. तिने कागद घेतला, बेरीज केली आणि सांगितलं की साठ फेऱ्यांचे एकूण १०,९८० टाके होतात. मग विचारलं, “बाबा, आणि तू दिवसाला किती घालतोस?” शाळेत गणित जरा बेतानेच शिकवायला हवं.

या गणितात एक मेख आहे. टाके कमी वाढवले तर कडा वर उचलते आणि पांघरुणाची वाटी होते. जास्त वाढवले तर झालर होते. आणि बरोबर सहाच वाढवले, पण दर फेरीला एकावर एक त्याच जागी वाढवले, तर गोलाला कोपरे फुटतात. माझ्या पांघरुणाला विसाव्या फेरीपर्यंत चांगले सहा फुटले होते. आईने चष्मा लावून ते निरखलं आणि म्हणाली, “मधमाश्यांना द्यायचंय का?” उसवलं.

झाडाच्या खोडातली वर्तुळं बघून पाऊस कधी झाला आणि दुष्काळ कधी पडला ते सांगता येतं म्हणतात. आमच्या पांघरुणावरून आमच्या घरात काय काय झालं ते सांगता येतं. चौदावी फेरी आवळलेली आहे: मुलीची परीक्षा. तेविसावी लाटेसारखी वरखाली होते: नळवाला. एकोणतिसावी इतकी सैल आणि निवांत आहे की तिच्यातून बोट आरपार जातं. त्या रविवारी सगळे बाहेर गेले होते आणि मी घरी एकटा होतो. एकतिसावीपासून रंग अर्धा पाव गडद होतो, कारण लोकर कमी पडली आणि नवा गुंडा आणताना मी रंग बघितला, पण वेष्टनावरचा लॉट नंबर नाही बघितला. दुकानात दोन्ही गुंडे जुळे दिसत होते. घरी आल्यावर चुलत निघाले.

घरकामात माझ्याकडे तीन खाती आहेत: कुकर, मशीन आणि वाळत घालणं. ही खाती मी स्वतः मागून घेतली, कारण तिन्हींत बसून वाट बघायला मिळेल असं वाटलं होतं. पण कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात, आणि एका डोक्यात दोन मोजण्या राहत नाहीत. चार शिट्ट्या आणि बाविसाव्या फेरीचे १३२ टाके एकदम सांभाळायला मी युक्ती काढली. टाके तोंडाने मोजायचे आणि शिट्ट्या पायाच्या बोटांवर, म्हणजे शिट्टी झाली की एक बोट दुमडायचं. माणसाला पायाचं मधलं बोट वेगळं दुमडता येत नाही, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मशीनची गोष्ट जास्त दुःखद आहे, आणि पुढच्या प्रकाराचं मूळही तिथेच आहे. मुलासाठी मी लाल लोकरीची टोपी विणली होती. शुद्ध लोकर, वर गोंडा. लांबून बघितलं तरी ओळखू यावी अशी ती जगातली एकमेव टोपी होती. एका गडबडीच्या सकाळी ती चादरींबरोबर मशीनमध्ये गेली, ६० अंशांवर. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटायचं नाव घेत नाहीत. टोपी बाहेर आली ती मुलाच्या मुठीला बसेल एवढी होऊन. जाड, कडक आणि दुखावलेली. बायको म्हणाली, “चला, तुझी एक तरी वस्तू आता उसवणार नाही.” ते खरंच होतं. मग मुलाला बाजारातली निळी टोपी आणली. जशी सगळ्यांच्या मुलांना असते तशी.

आता परवाचा रविवार. जवळच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. आमच्या घरात ‘फेरी’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. मशीन शेवटी गरगरतं ती फेरी, माझी विणायची फेरी आणि बायको म्हणते ती ‘एक फेरी मारून येऊ’. त्या सकाळी तिन्ही एकदम आल्या. “आठला निघायचं म्हणजे आठला,” असं बायकोने शनिवारपासून चार वेळा सांगितलं होतं. आठला पाच मिनिटं कमी असताना मशीनला सात मिनिटं बाकी होती आणि मला चाळीस टाके. “एवढी फेरी होऊ दे,” मी म्हणालो. “कुठली?” असं तिने अशा आवाजात विचारलं, की मी सुई, गुंडा आणि पांघरूण पिशवीत कोंबून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसलो. ओले कपडे दार बंद करून मशीनमध्येच राहिले. संध्याकाळी त्यांना कसला वास आला होता ते सांगत नाही.

गाडीत चाळीस टाके पुरे केले. गाडी बायको चालवत होती. मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, “बाबा, याला क्रोशा का म्हणतात?” सहा वर्षांच्या मुलाने आपणहून ज्ञान मागावं आणि आपल्याला ते माहीत असावं, असा योग बापाच्या आयुष्यात क्वचित येतो. मी म्हणालो, “क्रोशे हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ छोटा आकडा, छोटा हुक. ही बघ, सुईच्या टोकाला आकडी आहे ना?”

“म्हणजे मासे पकडायच्या हुकासारखी?”

“अगदी तशीच,” मी कौतुकाने म्हणालो.

हे वाक्य मला परत घेता आलं असतं, तर मी सगळे १०,९८० टाके हसत हसत घातले असते.

तळ्यावर गर्दी होती. झाडाखाली चटई अंथरली, डबे निघाले. गर्दीच्या ठिकाणी माणसं मोजायचं काम माझ्याकडे असतं. ‘तुला मोजायची सवय आहे,’ हे त्यामागचं कारण. दर पाच मिनिटांनी मी मोजत होतो. चटईवर आई, एक. डबे उघडणारी बायको, दोन. मोबाइलवर झाडाचा फोटो काढणारी मुलगी, तीन. झुडपामागे निळी टोपी, चार. बरोबर. पुन्हा पाच मिनिटांनी: एक, दोन, तीन, निळी टोपी, चार. टाके कधी इतके चोख जुळले नव्हते. मोजणीचा हात बसला म्हणायचा, असं मनाशी म्हणत मी जरा आडवाही झालो.

तेवढ्यात निळी टोपी झुडपामागून बाहेर आली आणि म्हणाली, “काका, आमचा बॉल इकडे आला का?”

तो मुलगा आमचा नव्हता.

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन करायला मराठीत शब्द आहेत, पण ते इथे लिहीत नाही. तिचा प्रश्न साधा होता. “किती वेळ तू या मुलाला मोजतोयस?” मला उत्तर देता येईना. लाल गोंड्याची टोपी असती तर हे झालं नसतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण टोपी मशीनमध्ये कुणी टाकली, हा पुढचा प्रश्नही दिसत होता.

सगळे चार दिशांना धावायला निघणार, एवढ्यात आई बसल्या जागेवरून म्हणाली, “अरे, तुझी पिशवी हलतेय.”

खरंच हलत होती. आतून पांघरूण हळूहळू, लयीत गोल गोल फिरत होतं आणि दर क्षणाला कणभर लहान होत होतं. टाका हरवू नये म्हणून लावलेली सेफ्टी पिन उघडी होऊन चटईवर पडली होती. सुई गायब. पिशवीतून निघालेला लोकरीचा धागा गवतावरून, एका कुटुंबाच्या चटईच्या कडेने, बाकाखालून तळ्याच्या दिशेने गेला होता. मी तो धागा धरला आणि पळालो. वाटेत लोक पाय उचलून धाग्याला जागा देत होते. एक आजोबा तर “पुढे गेलाय, पुढे,” असं न विचारताच म्हणाले.

चिरंजीव काठावरच्या दगडावर पायाखाली पाय घेऊन बसले होते. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग बघितलं. गुंडा संपतच आला होता. त्याचं शेपूट काढून त्याने सुईला गाठ मारली होती आणि सुई पाण्यात सोडली होती. उरलेली लोकर चार पावलांत संपली असणार. पुढची पांघरुणातून येत राहिली. दोन सुयांच्या विणकामात ओळभर टाके जिवंत, म्हणजे सुईवर उघडे असतात, क्रोशात फक्त एक. त्या एकातून सुई काढली आणि धागा ओढत राहिलं, की हवं तेवढं उसवता येतं, कुठेही अडत नाही. हा क्रोशाचा मोठा गुण आहे, असं मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

“बाबा, शू!” तो म्हणाला. “मासे येतायत.”

मागून बायको आली, आई आली, मुलगी आली. आणि निळ्या टोपीचा तो दुसरा मुलगाही आला, कारण त्याला आता बॉलपेक्षा हे आवडलं होतं. ओरडायचं कुणी, यावर आमचं नजरेने ठरेपर्यंत मुलीने पांघरूण आणून टाके मोजले आणि जाहीर केलं, “एक्केचाळीस, चाळीस आणि एकोणचाळीस पूर्ण गेल्या. ७२० टाके. अडतिसावी अर्धी आहे.” काल्पनिक माश्यासाठी मोजलेली ही किंमत बरीच होती. पण मूल सापडायला वीसेक मीटर धागा लागला, असा हिशेब आईने मांडला आणि विषय तिथेच संपला.

उसवलेली लोकर लगेच विणता येत नाही. टाक्यांची सवय लागून ती कुरळी झालेली असते. तिची लड करायची, ओली करून टांगायची, म्हणजे ती सरळ होते. ओली ती आधीच होती. त्यात शेवाळ होतं आणि एक वाळकं पानही. गार पाण्यात, हाताने, मशीनकडे न बघता धुतली. वाळत घालायला गेलो तर दोरीवर जागा नाही, कारण सकाळचे कपडे दुसऱ्यांदा धुऊन तिथे टांगलेले. शेवटी पंख्याखाली दोन खुर्च्यांच्या पाठींवर टांगली आणि दोन दिवस सगळे तिच्या खालून वाकून ये-जा करत होते.

ती वाळल्यावर लडीचा गुंडा करायचा होता. लड धरायला समोर कुणीतरी दोन हात पुढे करून बसावं लागतं. हे काम गुन्हेगाराकडे आलं. हात खांद्याइतके दूर, अंगठे वर, खाली आणायचे नाहीत. मी गुंडाळत होतो आणि तो बसला होता. गेल्या कित्येक महिन्यांत तो नेमका कुठे आहे हे मला इतका वेळ सलग माहीत असण्याची ही पहिलीच वेळ. आई शेजारी बसून लोकर माझ्याकडून किती घट्ट गुंडाळली जातेय, ते सांगत होती.

कुकरची शिट्टी झाली.

“कितवी रे?” आतून बायकोने विचारलं.

“दुसरी,” आई म्हणाली.

“तिसरी,” मुलगा हात न हलवता म्हणाला.

मी पायांकडे बघितलं. पाचही बोटं दुमडलेली होती.