शेजारच्या नोडला पायी जाण्याची वाट

नवी मुंबईत फिरायला जागा पुष्कळ आहेत, परंतु पायी निघून कुठे तरी पोहोचता येईल अशा वाटा फार थोड्या आहेत. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला, वाशीच्या मिनी सीशोअरला किंवा कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात पहाटे गेलात, तर शेकडो माणसे झपाझप चालताना दिसतात. हीच माणसे दहा वाजता कोपरखैरण्याहून वाशीला, म्हणजे जेमतेम चार-पाच किलोमीटरवर, बँकेच्या किंवा दवाखान्याच्या कामाला निघाली की रिक्षाला हात करतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही. सकाळचा ट्रॅक तलावाला फेरी मारून त्यांना निघालेल्या जागीच आणून सोडतो. त्याच बांधावरून पुढे शेजारच्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या पुढच्या उपनगरात, जायचे म्हटले, तर कुठे कुंपण, कुठे कुलूप लावलेले फाटक आणि कुठे साकव नसलेला नाला आडवा येतो.

सिडकोने १९७० नंतर ज्या पद्धतीने ही नगरी आखली, तिच्याविषयी मला आदरच आहे. सेक्टरच्या आत शाळा, बाजार आणि मैदान चालण्याच्या अंतरावर असावे हा विचार त्या आराखड्यात होता आणि तो बऱ्याच अंशी उतरलाही आहे. अडचण सुरू होते ती एक नोड संपून दुसरा सुरू होतो तिथे. तिथे मोठा नाला असतो, शीव-पनवेल महामार्गाचे उड्डाणपुलांचे वेटोळे असते किंवा ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे यांची दुहेरी भिंत असते. फुटपाथ असतोच, पण तो मध्येच विजेच्या डीपीपाशी संपतो, पुढे गॅरेजची वाहने असतात आणि त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी; अडथळाविरहित पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे नियम आहेत आणि हक्कही मान्य झालेला आहे, तरीही हातात पिशवी घेतलेल्या माणसाला दर शंभर पावलांवर रस्त्यात उतरावे लागते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात राहते. तिच्याकडे मुक्काम असताना मी साल्टेअर ते बिंग्ली हे साधारण पाच किलोमीटरचे अंतर अनेकदा लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने चालून गेले. हा कालवा सुमारे २०४ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचे काम १७७० साली सुरू झाले आणि १८१६ साली तो सलग खुला झाला. कोळसा, चुनखडी, लोकर असा माल भरलेल्या नावा त्या काळी काठावरून चालणारे घोडे दोराने ओढून नेत, आणि त्या घोड्यांसाठी पाण्याला चिकटून एक अरुंद वाट बांधली गेली. पुढे नावांना इंजिने आली, मालवाहतूक रेल्वेकडे आणि मग ट्रककडे गेली, घोड्यांचे काम संपले. वाट मात्र मोडली नाही. आज तिच्यावरून शाळकरी मुले, कामाला जाणारी माणसे, सायकलस्वार आणि माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या बायका निर्धास्तपणे एका गावातून दुसऱ्या गावात जातात.

ही वाट इतकी सोपी का आहे, याचा मी चालता चालता बराच विचार केला. कालव्याचे पाणी सपाट असावे लागते, म्हणून तो डोंगराच्या कडेने समपातळीवर वळत जातो, आणि साहजिकच त्याच्या काठची वाटही सपाट राहते. जिथे नावा पाण्याच्या दरवाजांतून वरच्या पातळीवर चढवल्या जातात, तेवढ्याच ठिकाणी चालणाऱ्याला चढ लागतो. बिंग्लीजवळ असे एकाला एक लागून पाच टप्पे आहेत, १७७४ सालचे, आणि ते मिळून नावेला सुमारे अठरा मीटर वर नेतात. दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट अशी, की आडवे येणारे बहुतेक रस्ते पुलावरून जातात आणि काठची वाट त्या पुलाच्या कमानीखालून निघून जाते. त्यामुळे त्या पाच किलोमीटरमध्ये वाहनांच्या गर्दीत जीव मुठीत धरून रस्ता ओलांडण्याची वेळ माझ्यावर आली नाही. काही जुन्या पुलांच्या दगडी कोपऱ्यांवर बोटभर खोल, गुळगुळीत खाचा आहेत. ओले, रेती चिकटलेले दोर वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या आहेत. मी प्रत्येक वेळी त्या खाचेत बोट घालून पाहत असे.

तिथे सगळे आलबेल आहे असेही नाही. वाट कित्येक ठिकाणी दोन माणसे कशीबशी शेजारून जातील एवढीच आहे, पावसात चिखल होतो आणि भरधाव सायकलींविषयी पायी जाणाऱ्यांची तक्रार कायमची आहे. परंतु तेथील एक व्यवस्था आपण नीट पाहण्यासारखी आहे. कालव्याकाठच्या पुष्कळशा वाटा कायद्याने सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदलेल्या नाहीत. कालव्याचा मालक लोकांना चालू देतो, म्हणून लोक चालतात. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे आणि नद्या २०१२ पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहेत आणि देखभालीची जबाबदारीही त्याच्याकडेच आहे. याचा अर्थ, पाण्याच्या कामासाठी बांधलेली वाट माणसांसाठी खुली करायला प्रत्येक वेळी भूसंपादन लागत नाही. मालकाची परवानगी आणि निगा राखणारा कोणीतरी एवढे लागते.

आपल्याकडे नावांचे कालवे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण पाण्याची कामे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्या काठाने बांधही आहेत. नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेल्या खाजणांवर भराव घालून उभा राहिला. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर नाल्यांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. म्हणून डच धर्तीवर धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या रेट्याने त्यांची झडपेची दारे मिटतात, शहराचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की ते खाडीत उतरते. या तलावांना बांध आहेत, त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या कडेने देखभालीची वाट अनेक ठिकाणी आहे. सिडकोच्या आधी इथल्या आगरी-कोळी गावांत भातखाचरांचे आणि खाजणांचे बांध होते, भरतीचे पाणी अडवणाऱ्या उघाड्या होत्या, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची पायवाट त्या बांधांवरूनच होती. माझे माहेर कऱ्हाडकडचे. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या भरावावरून शेजारच्या गावी जाण्यात आम्हाला कधी काही विशेष वाटले नाही.

लोकांना ही वाट हवी आहे, याचा पुरावा मला आमच्याच भागात दिसतो. एका तलावाच्या बांधाच्या टोकाला लोखंडी कुंपण आहे. त्यातली एक सळई वाकवलेली आहे. बाकीच्या सळया गंजून तांबूस झाल्या आहेत, ही मात्र हातांच्या आणि पदरांच्या घर्षणाने चकचकीत झाली आहे. सकाळी सातच्या सुमारास घरकाम करणाऱ्या बायका तिथून एकेक करून पलीकडे जातात, आधी डब्याची पिशवी, मग स्वतः. रस्त्याने गेल्या तर त्यांना मोठा वळसा पडतो, नाहीतर रिक्षाचे पैसे पडतात, आणि दोन घरांच्या धुण्याभांड्यावर महिना काढणाऱ्या बाईला रोजची ती रिक्षा परवडत नाही. या विषयावर मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला होता. सुरक्षेच्या कारणास्तव कुंपण आवश्यक आहे, असे उत्तर आले. पाण्याकडच्या बाजूला कुंपण हवेच, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. वाटेच्या तोंडावर ते कशासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे.

कांदळवनाबाबत मात्र माझी भूमिका ठाम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनापासून पन्नास मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के केले. ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ सालचे आहे आणि २०२२ पासून ती खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. चालण्याच्या नावाखाली तिथे सिमेंटचे पथ, दिव्यांचे खांब आणि सेल्फी पॉइंट उभारायचे असतील, तर अशी वाट मला नको. मी बोलते आहे ते आज अस्तित्वात असलेल्या बांधांविषयी आणि नाल्यांच्या सेवा रस्त्यांविषयी. मुरूम टाकून दाबलेली दीड-दोन मीटरची वाट पुरेशी आहे, आणि जिथे कांदळवन आडवे येईल तिथे वाटेने मुकाट्याने रस्त्याकडे वळावे. तेवढ्या तुकड्यात फुटपाथ धड असला म्हणजे झाले. एकट्या बाईला निर्जन बांधावरून जायला भीती वाटते, हा आक्षेपही खरा आहे. पण टोके जोडली की येणारे-जाणारे वाढतात, आणि दिवसभर राबता असलेली वाट ही मागची बाजू बंद असलेल्या वाटेपेक्षा अधिक सुरक्षित असते. रात्री ती बंद ठेवली तरी माझी हरकत नाही. कामावर जाणाऱ्या बायकांच्या वेळेला ती उघडी असली पाहिजे.

सुरुवात कोपरखैरणे ते वाशी या एका टप्प्यापासून व्हावी, असे मला वाटते, कारण अंतर बेताचे आहे, दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे आणि थकलेल्या माणसाला परत यायला गाडी मिळते. त्यानंतर घणसोली-ऐरोलीचा विचार करता येईल. या पट्ट्यातील कोणता बांध कुठे तुटतो, कोणत्या नाल्यावर लहानसा साकव लागेल, कोणत्या फाटकाला कुलूप असते आणि ते किती वाजता उघडते, याची टिपणे मी नकाशावर करते आहे. घणसोली, तळवली, गोठिवली, रबाळे आणि दिवागाव भागात राहणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांना बांधावरची जुनी पायवाट आठवते अशा वडीलधाऱ्या मंडळींनी, ती कुठून कुठे जात असे ते कमेंटमध्ये लिहावे. जागेचा फोटो टाकलात तर नकाशावर खूण करणे सोपे जाईल. मात्र त्या वाटेने जाणाऱ्या बायकांचे चेहरे कृपया फोटोत घेऊ नयेत.