बघण्यासारखं काही नाही म्हणे!

सकाळी पोह्यांची प्लेट हातात धरून पाहुणे म्हणाले, "एल पासोत तसं बघण्यासारखं काही नाही ना? मग आम्ही सरळ व्हाइट सँड्सची पांढरी वाळूच बघायला निघतो." डॅलसहून नऊ तास गाडी हाणत टेक्सासच्या टोकाला, मेक्सिकोच्या हद्दीला खेटलेल्या आमच्या गावात आलेली माणसं, त्यातून नवऱ्याचे जुने मित्र. मी हसले आणि तर्रीचं पातेलं पुढे सरकवलं. दहा वाजता ते गेले. आता तीन वाजलेत, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनीही व्हाइट सँड्सला जावं.

2019 मध्ये बाबा आले होते. वर्ध्याच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. जेटलॅग उतरायच्या आत म्हणाले, "मादेरोचं ऑफिस कुठे होतं ते दाखव." मी तेव्हा सहा वर्षं या गावात राहत होते आणि मादेरो कोण हेच मला धड माहीत नव्हतं! (मेक्सिकन क्रांतीचा पुढारी.) बाबांना मेक्सिकोचं वेड खानखोज्यांमुळे. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर पार्टीचे क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत शेतीचे प्राध्यापक. दिएगो रिव्हेराने भिंतीवर पाव वाटताना रंगवलेत तेच. (खानखोज्यांचा एल पासोशी संबंध मी जोडत नाहीये, कमेंटमध्ये भांडू नका.)

तर गेलो डाउनटाउनला. केपल्स बिल्डिंग. 1911 साली फ्रान्सिस्को मादेरोचं ऑफिस इथे पाचव्या मजल्यावर होतं. नदीपलीकडे, मेक्सिकोत, तीसेक वर्षं राष्ट्राध्यक्षपदाची खुर्ची न सोडणारा पोर्फिरिओ दियास, आणि त्याला उठवायची खलबतं अलीकडे, अमेरिकेच्या हद्दीत, भाड्याच्या खोलीत. बाबा रस्त्यातच थांबून मजले मोजत होते. इमारत रिकामी, दाराला कुलूप. मला ऊन लागत होतं, पार्किंगचं मीटर संपत आलं होतं, आणि मी दोनदा "चला ना बाबा" म्हटलं. आज ते आठवून स्वतःचीच लाज वाटते.

तिथून दुरांगितो. नाव किती जणांनी ऐकलंय? शहरातल्या सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी एक. बहुतेक घरं पक्क्या विटांची, पण एका भिंतीचा गिलावा पडला होता आणि आतली कच्ची मातीची वीट उघडी झाली होती. मध्ये जाळीचं कुंपण. बाबांनी जाळीतून बोट घातलं, विटेवरून फिरवलं आणि म्हणाले, "अगं, हा तं गव्हांडा! आपल्या आबांच्या घराची भिंत अशीच होती." खरंच, मातीत गव्हाच्या भुशाच्या काड्या चमकत होत्या. माणूस चौदा हजार किलोमीटर विमानात पाय आखडून आला आणि इथे त्याला गव्हांडा भेटला.

आता त्या कुंपणाची गोष्ट. तिथे खेळ-कार्यक्रमांसाठी मोठं एरिना बांधायचं ठरलं होतं. सप्टेंबर 2017 मध्ये, कोर्टात वाद चालू असताना, भल्या पहाटे मशिनं आली (आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो तसली) आणि पाच इमारतींना भगदाडं पाडून गेली. पूर्ण पाडलं असतं तर निदान बोंब तरी झाली असती. नुसती भोकं! म्हणजे पुढचं काम पाऊसवाऱ्याने करावं.

हो, 2012 साली लोकांनीच मतदान करून त्याला पैसे दिले होते. मान्य. पण मतपत्रिकेवर "दुरांगितो पाडू का?" असं कुठे लिहिलं होतं? त्या कागदावर जागेचं नावच नव्हतं.

आणि भिंतीला भोकं पाडण्यावरून सांगते. मे 1911 मध्ये मादेरोच्याच बाजूने लढणाऱ्या पांचो व्हिया आणि पास्कुआल ओरोस्कोच्या लोकांनी मादेरोला न जुमानता नदीपलीकडच्या हुआरेस या मेक्सिकन गावावर हल्ला केला. रस्त्यांवर मशिनगन होत्या, म्हणून ते रस्त्याने गेलेच नाहीत. मातीच्या भिंती फोडत या घरातून त्या घरात, असे गावाच्या मध्यापर्यंत पोचले. 8 तारखेला लढाई सुरू, 10 ला गाव पडलं, 25 ला दियासचा राजीनामा. बाबा म्हणाले, "हा तं गनिमी कावा!" बाबांना जगातल्या प्रत्येक लढाईत महाराज दिसतात, ते सोडा. पण तीही भोकं आणि हीही भोकं. तिकडच्या भोकांतून माणसं आत शिरली, इकडच्या भोकांतून बाहेर काढली गेली.

त्या लढाईच्या वेळी एल पासोकर काय करत होते? गच्चीवर चढून तमाशा बघत होते! रेल्वेच्या डब्यांवर चढून. भरकटलेल्या गोळ्या लागून इथलेही लोक मेले, तरी लोक बघतच होते. पासो देल नोर्ते हॉटेलच्या गच्चीवरून ती लढाई पाहिल्याचं अजून ऐकवतात. हॉटेल उघडलं 1912 मध्ये! लढाई 1911 ची! पुढच्या चकमकी पाहिल्या असतील. पण ते हॉटेल बघा कसं चकाचक सांभाळलंय, रंगीत काचेच्या घुमटासकट. बघणाऱ्यांची जागा टिकली, बाकीच्यांच्या जागांना कुंपण.

सेगुंदो बारिओत, म्हणजे इथल्या जुन्या मेक्सिकन वस्तीत, ऑरेगॉन स्ट्रीटवर जा कधी. मारियानो अझुएला नावाचा डॉक्टर व्हियाच्या बाजूच्या फौजेबरोबर फिरला, हरल्यावर पळून इथे आला, आणि 1915 साली त्याची 'लोस दे अबाहो' इथल्याच एका स्पॅनिश वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्याने छापून आली. मेक्सिकन क्रांतीवरची सगळ्यात नावाजलेली कादंबरी, आणि तिचा जन्म आमच्या गावातला. आणि हुआरेसला जोडणारा सांता फे पूल! 1917 च्या जानेवारीत कार्मेलिता तोरेस नावाच्या सतरा वर्षांच्या मोलकरणीने तिथे केरोसीनच्या अंघोळीला नकार दिला. रोज नदी ओलांडून इकडे धुणीभांडी करायला येणाऱ्यांना उवा-टायफसच्या नावाखाली तसं धुवून काढायचे. तिच्यामागे शेकडो बायका उभ्या राहिल्या, ट्राम अडवल्या. त्या पुलावरून लोक आज हातात कॉफी घेऊन जातात. बघण्यासारखं काही नाही, हो ना?

बरं, आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहोत. पुण्यातले वाडे कसे गेले ते माहितीये. आबांचं वर्ध्याचं घर आम्हीच विकलं. सह्या करणाऱ्यांत मीही होते, इथून पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवून. तिथे आता चार मजली अपार्टमेंट आहे, खाली मोबाईलचं दुकान. घर गळत होतं, कोणी राहत नव्हतं, ही सगळी कारणं खरीच होती. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. जाळीतून बोट घातलं तेव्हाही त्याबद्दल काही बोलले नाहीत.

2023 च्या जानेवारीत इथल्या कौन्सिलने एरिनाचा तो बेत अखेर सोडून दिला. काही हट्टी इतिहासकार आणि तिथून हलायला नकार देणारी म्हातारी माणसं यांच्यामुळे. मी एकाही सभेला गेले नाही. ऑफिस होतं.

पाहुणे गेल्यावर भांडी तशीच टाकून मी दुरांगितोला जाऊन आले. ती भिंत सापडायला अर्धा तास लागला, तीच असावी. फोटो काढून बाबांना पाठवला. वर्ध्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, पण त्यांना हल्ली गुडघ्यांमुळे झोप नसते. दोन निळ्या टिका लगेच आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग'. मग मेसेज:

"गव्हांडा दिसत नाही. जवळून काढ."