बुटवलचा अर्धा दिवस : एसटीवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तीस वर्षं एसटीच्या स्टेअरिंगवर काढलीत असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना.

नाशिकहून काठमांडूला सीएनजी गाडी नेल्याचा माझा लेख वाचून तुमचा पुतण्या तशीच गाडी घेऊन दिवाळीनंतर पोखऱ्याला निघालाय, आणि असे लेख लिहून मी पोरांना डोंगरात पाठवतेय, असं तुमचं म्हणणं. गॅसची टाकी म्हणजे डिकीतला बाँब, चढाला गाडी ओढत नाही, सीमेपलीकडे गॅस नाही, विम्याचा पत्ता नाही. आणि शेवटी, ‘जवळपास चार हजार किलोमीटर गाडी गेली आणि काहीच झालं नाही? खरं सांगा.’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो वाचून मला रात्री झोप लागली नाही.

झालं होतं. आईला घेऊन सुखरूप परत आलो, तिला पशुपतिनाथाचं दर्शन घडलं, त्या आनंदात लिहिताना मी नेपाळमधल्या बुटवलचा अर्धा दिवस गाळला. ते चुकलंच माझं.

गोरखपूरला गॅस भरला आणि सोनौलीला सीमा ओलांडून नेपाळमध्ये गेलो. सीएनजी गाडी पेट्रोलवरही चालते, म्हणून भैरहवाला पेट्रोलची टाकी फुल्ल केली. बुटवल सोडलं की लगेच डोंगर सुरू होतो, एका बाजूला कडा आणि खाली तिनाऊ नदी. सिद्धबाबाच्या देवळाच्या पुढे चढावर गॅस संपला, गाडी आपोआप पेट्रोलवर गेली आणि आचके द्यायला लागली. पाय दाबला तरी वेग नाही, मागे ट्रकची रांग, आई मागच्या सीटवर गप्प. जागा बघून गाडी वळवली आणि पहिल्या गियरमध्येच खाली बुटवलला आणली.

तिथल्या मेकॅनिकने बॉनेटला हातही लावला नाही. आधी एकच विचारलं, पेट्रोलवर गाडी शेवटची कधी चालवली? मला आठवेना. नाशिकमध्ये चार महिने पेट्रोलचा काटा तळाशी, दोन दांड्यांवर. सकाळी गाडी सुरू होण्यापुरतं तेवढं लागायचं, बाकी सगळं गॅसवर. त्याने मागची सीट उचलली, टाकीतला पंप वर काढला आणि त्याची जाळी माझ्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढा जाड तपकिरी गाळ, वास रॉकेलपेक्षा उग्र. तळाशी महिनोन्‌महिने बसलेला कचरा टाकी भरल्यावर ढवळला गेला आणि जाळीत अडकला. जाळी बदलली, टाकी उपसून साफ केली, दुपारी अडीचला निघालो. पुढे तानसेन, पोखरा, पृथ्वी राजमार्गाने काठमांडू आणि येताना मुगलिंगवरून नारायणघाट, गाडीने एकदाही त्रास दिला नाही.

म्हणजे काका, डोंगरात दगा गॅसने दिला नाही. दगा दिला तो मी दुर्लक्षित ठेवलेल्या पेट्रोलने. सीएनजी गाडी सीमेपलीकडे नेताना खरी तयारी पेट्रोलच्या बाजूची करावी लागते. माझ्या लेखात नेमकं तेच नव्हतं.

आता चढाचं. नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढताना सीएनजी गाड्यांची दमछाक तुम्ही बघता, ते खरंच आहे. गॅस इंजिनात स्वतःच बरीच जागा घेतो, तेवढी हवा कमी जाते, ताकद कमी पडते. त्यात टाकीचं वजन आणि डिकी जवळजवळ गेलेली. बुटवलपासून माझा नियम साधा : मोठा घाट आला की बटण दाबून पेट्रोलवर. नेपाळमध्ये तर पर्यायच नव्हता, गॅसचा पंप आम्हाला कुठे दिसला नाही. पेट्रोल मात्र मिळतं, आणि तेही आपल्याकडूनच जातं. मग गॅसची गाडी नेलीच कशाला? कारण नाशिक ते सोनौली हाच दीड हजार किलोमीटरहून मोठा तुकडा आहे, जाऊन-येऊन तीन हजार. इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ सगळीकडे गॅस मिळतो. आमच्यासारख्यांना पेट्रोलच्या खर्चात ही सहल झेपलीच नसती.

बाँबचं मात्र मला मान्य नाही. घरचा एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. टाकी २०० बारचा दाब सहन करायलाच बनवलेली असते, पण दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, झालीच पाहिजे. ज्याची तारीख उलटलीय त्याने नेपाळच काय, कसारा घाटही चढू नये. तिथे मी तुमच्यापेक्षा कडक आहे.

विम्याचं सांगायला हवं होतं. आपली पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवून घेता येते. आम्ही निघण्याआधी वाढवली होती आणि तो कागद आरसीबरोबर ठेवला होता. आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद हवी, बाहेरून किट बसवलेलं असेल तर आधी ती आरटीओतून करून घ्या. सीमेवर भन्सारच्या, म्हणजे नेपाळी कस्टम्सच्या, खिडकीत गाडीची परवानगी निघते, दिवसावर पैसे, वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस. लायसन्स आपलंच चालतं.

पुतण्याला एवढं सांगा : आजच पेट्रोलची टाकी अर्धी भर, आणि निघेपर्यंत दर आठवड्याला पन्नासेक किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालव. गाडीने आचका दिला तर तो इथेच, त्र्यंबक रस्त्यावर देऊ दे. निघण्याआधी पंपाची जाळी काढून बघायला लाव. आणि घाट उतरताना न्यूट्रल करायचं नाही, हे त्याला माझ्यापेक्षा तुम्हीच चांगलं शिकवाल.

बुटवलचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात सगळ्यात वर घालतेय. ती जुनी जाळी मी टाकलेली नाही. रविवारी पुतण्याला घेऊन इंदिरानगरला या, त्याच्या हातावर ठेवते.