'माओच्या काळात भुकेने कुणी मेलं नाही', हे साफ खोटं आहे

काल रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर मावसभावाने एक फॉरवर्ड टाकला. माओच्या चीनमध्ये भुकेने कुणी मेलं नाही, मेले ते दुष्काळाने, गोळ्या घातल्या त्या फक्त जुलमी जमीनदारांना, बाकी सगळा पाश्चात्त्यांचा अपप्रचार. वर डॉ. कोटणीसांचा फोटो. खाली बारावीतल्या पुतणीने विचारलं, "काका, हे खरंय का?" म्हणून लिहितोय.

1960 ला काही भागांत पाऊस कमी पडला, तेवढं मान्य. पण 1959 मध्ये लोक मरत असताना 40 लाख टनांच्या वर धान्य परदेशी पाठवलं, ते काय पावसाने पाठवलं? खालच्या अधिकाऱ्यांनी पीक फुगवून सांगितलं, सरकारने त्या आकड्यावर वसुली केली, घरातल्या कढया लोखंड गाळायला आधीच नेलेल्या, जेवण फक्त कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीच्या, खानावळीत, आणि मग तिथलंही संपलं. हनान प्रांतातल्या शिनयांगमध्ये सरकारी कोठारात धान्य होतं आणि बाहेर 10 लाखांच्या आसपास माणसं मेली, मदत मागणारी पत्रं पोस्टातच अडवली, पळणाऱ्यांना रस्त्यावर. 1962 ला खुद्द राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओछीने कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत शेतकऱ्यांचं म्हणणं सांगितलं: तीन हिस्से निसर्गाचं, सात हिस्से माणसाचं.

आणि अपप्रचार? यांग जिशेंग हे सरकारी शिनहुआ वृत्तसंस्थेचे पत्रकार, पक्षाचे सदस्य. 1959 ला वडील उपाशी आहेत कळल्यावर ते शाळेतून तांदूळ घेऊन हूबेईतल्या गावी गेले, तर दारातल्या एल्म झाडाची सालसुद्धा लोकांनी सोलून खाल्लेली. पेज केली, पण वडिलांना गिळताच येईना. तीन दिवसांत गेले. पुढे याच माणसाने प्रांतोप्रांतीच्या सरकारी दफ्तरांतून भूकबळींचा हिशोब काढला, 3 कोटी 60 लाख. पुस्तक हाँगकाँगला छापावं लागलं, चीनमध्ये त्यावर बंदी आहे.

जमीनदार पिळायचे, खरंय. पण 1950-51 च्या 'प्रतिक्रांतिकारकां'विरुद्धच्या, म्हणजे क्रांतीचे शत्रू ठरवलेल्यांविरुद्धच्या, मोहिमेत हजार लोकांमागे एक असा मारायचा कोटा ठरवलेला, आणि 7 लाख मारले हा आकडा माओच्याच तोंडचा. कोटा भरायचा म्हटल्यावर गुन्हा कोण बघतो?

आणि दादा, कोटणीस आपल्या सोलापूरचे, चीनमध्ये जखमींची सेवा करत असताना 1942 लाच तिकडे वारले. माओची सत्ता आली 1949 ला. त्यांचा फोटो तरी त्यावरून काढ.